सूर्य काही म्हणतो का?

अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीला मध्ये समुद्र असतो. ते अंतर पाहिले की मला कुसुमाग्रजांचे 'पृथ्वीचे प्रेमगीत' हटकून आठवते. 'विशाखा'तल्या (१९४२) या कवितेत पृथ्वी इतर ग्रहताऱ्यांची आर्जवे नाकारते आणि सूर्याचा दुरावाच पत्करते. बँकेतल्या बदल्यांच्या काळात, बिऱ्हाड अलिबागला आणि मी परगावी असताना, या कवितेचा मला मोठा आधार वाटे.

मंगेश पाडगावकरांची प्रेमावरची सर्वतोमुखी झालेली कविता मात्र गप्पांच्या भाषेत बोलते. तिच्यातले एक गृहस्थ ऐटीत सांगतात की, पाच मुले झाली, पण बायकोवर प्रेम वगैरे कधी केले नाही. ऐकणारे हसतात. मीही हसायचो.

परवा पत्नीला दोन्ही कविता वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "पहिलीत सगळं पृथ्वीच बोलते. सूर्य काही म्हणतो का हो?"

मी निरुत्तर झालो. एक कविता दुराव्याला भव्य करते, दुसरी घरातल्या अबोल्याला हसत हसत चिमटा काढते. तो सूर्य आणि ते गृहस्थ, दोन्ही मीच होतो.

उद्याच्या ओहोटीची वेळ विचारून ठेवली आहे. किल्ल्यापर्यंत दोघे चालत जाऊ. या वेळी बोलायचे मी आहे.