भोंगा, पाळी आणि खाडा : भारतीय कामगाराच्या तासांचा दीर्घ आलेख

युरोपातील औद्योगिक समाजांच्या कामाच्या तासांचा इतिहास सामान्यतः एका उतरत्या रेषेने दाखविला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधील कामगार वर्षाकाठी सुमारे ३००० तास राबत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील नोकरदाराचे वार्षिक तास १७०० च्या आसपास आले. जर्मनीत तर ते आज १४०० च्याही खाली आहेत. औद्योगिक कादंबरी किंवा कामगारकविता यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याच्या मनात ही रेषा बहुधा गृहीत असते. मुंबईच्या गिरणगावातून आलेल्या साहित्याला ती लावू पाहिले की काय निसटते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वरवर पाहता भारतातही रेषा उतरतीच दिसते. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. प्रौढांना त्याने स्पर्शही केला नाही. १८९१ मध्ये स्त्रियांसाठी ११ तास ठरले व साप्ताहिक सुटी आली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळावयास १९११ उजाडले. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना मांडल्या गेलेल्या विधेयकानुसार १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या कायद्याने हेच ४८ तास कायम केले. ५४ वरून ४८ वर यावयास बारा वर्षे लागली. ४८ च्या खाली मात्र त्यानंतरच्या पाऊणशेहून अधिक वर्षांत कायदा उतरलेला नाही.

ही रेषा कायद्याची आहे, कामाची नव्हे. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयाला सुरू होई व सूर्यास्ताला थांबे. म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. दिव्यांनी हे नैसर्गिक कुंपण मोडले आणि १९०५ च्या तेजीत मुंबईतील काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. यंत्रसुधारणेबरोबर तास घटतात हे गृहीतक येथे उलटे ठरते. शिवाय कायद्यामागील हेतूही संमिश्र होते. मुंबईचे सूत व कापड स्वस्त पडते ते तेथील अमर्याद तासांमुळे, ही लँकेशायरच्या मालकांची तक्रार होती. त्यामुळे मुलांचे तास कमी करणारा कायदा आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांपैकी अनेकांना परकीय स्पर्धकाचा डाव वाटला, आणि तो संशय निराधार नव्हता. इंग्रजी औद्योगिक कादंबरीत सुधारक व मालक समोरासमोर उभे असतात. आपल्याकडे सुधारणेवरच परकेपणाचा शिक्का बसला. दोन्ही साहित्यांची तुलना करताना हा फरक अनेकदा नजरेआड होतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य म्हणूनच अधिक लक्षणीय ठरते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी पुढे केली, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा त्यामागचा युक्तिवाद सांगितला जातो. ख्रिस्ती विश्रांतिदिन जेजुरीच्या वाटेने गिरणीत यावा, हे सांस्कृतिक भाषांतराचे नमुनेदार उदाहरण मानता येईल. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत, जेथे ना. म. जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते, भाषांतर याच्या उलट झाले : जगासाठी आठवड्याला ४८ तास मान्य झाले आणि भारतासाठी वेगळे कलम करून ६०.

आता कामगाराच्या स्वतःच्या शब्दांकडे वळू. ‘पाळी’ म्हणजे मुळात आपली येणारी वेळ : पाण्याची, राखणीची, सेवेची. गिरणीने हा शब्द घेतला तेव्हा त्यातील अनिश्चितताही घेतली, कारण बदली कामगाराची पाळी येईलच असे नसे. तो सकाळी दाराशी उभा राही. मुकादमाने घेतले तर काम, नाही तर परत खोलीवर. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देऊन ही व्यवस्था नियमित केली गेली, पण दाराशी उभे राहण्याचे तास कोणत्याही तक्त्यात आले नाहीत. दुसरा शब्द ‘खाडा’. चाकरमान्याचा हिशेब तासांत नव्हे, दिवसांत चाले. शिमगा, गणपती, लावणी यांसाठी तो कोकणात जाई, आणि मालकांच्या दप्तरात त्याची नोंद गैरहजेरी म्हणून होई. दिवसाचे तास प्रदीर्घ, पण वर्ष मात्र तुटक, असा हा नमुना होता. दैनिक मर्यादांच्या कायद्यांवरून वार्षिक श्रमाची रेषा काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. गिरणगावच्या साहित्यात गाव वारंवार डोकावते ते केवळ स्मरणरंजन नव्हे. कामगाराच्या वार्षिक वेळापत्रकाचा तो भागच होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कापड विणणे मात्र थांबले नाही. यंत्रमागाकडे ते आधीपासूनच सरकत होते, आता तो ओघ वाढला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांवर तीन पाळ्यांऐवजी दोन पाळ्या, म्हणजे बारा तासांचा दिवस, ही सर्रास रीत झाली. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच कारखाना कायदा लागू होई. शेड दुभंगली की कायदाही दाराबाहेर राही. कायद्याची रेषा ४८ वर स्थिर होती आणि विणकराचा दिवस १९११ च्या मर्यादेशी परत आला होता. एका वर्गात मी हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने १९८२ नंतरच्या मराठी लेखनात भोंगा अजून का वाजतो, असे विचारले. माझ्या मते त्या लेखनात तो उणीव म्हणून ऐकू येतो : यंत्रमागाच्या गल्लीत सुटी पुकारणारे काहीच नाही.

अलीकडील वादांना हीच पार्श्वभूमी आहे. तमिळनाडूने २०२३ मध्ये बारा तासांच्या दिवसाची मुभा देणारे विधेयक मंजूर केले आणि विरोधानंतर मागे घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेली सुरक्षा व कार्यस्थितीविषयक संहिता दिवसाचे आठ तास मान्य करते; तीच संहिता कारखान्याच्या व्याख्येतील दहाचा आकडा वीसवर नेते. एका कलमाने कमी केलेले तास दुसऱ्या कलमाने किती जणांपर्यंत पोचतात, हे यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊनच तपासावे लागेल.

आणि आणखी एक नोंद. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. ते करणारे पुरुष ८८. चाळीतल्या खोलीत पाळीवरून येणाऱ्याचे ताट ज्या तासांत तयार होई, ते तास १८८१ पासूनच्या एकाही कारखाना कायद्यात नाहीत. ओवीत आणि स्त्रियांच्या आत्मकथनांत मात्र ते मोजलेले आढळतात.