सुई नाही, तरी टोचते!

डॉक्टरांनी सिरिंज वर धरून तिच्यातली हवा काढायला सुरुवात केली, की भल्याभल्यांचे अवसान गळते. औषध हवे असते, पण सुई नको असते! मग सुईवाचून इंजेक्शन देता येणार नाही का?

१९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यातल्या यानावरील डॉक्टर मॅकॉय यांच्याजवळ ‘हायपोस्प्रे’ नावाचे एक उपकरण असते. रोग्याच्या दंडाला किंवा मानेला ते टेकवले, की ‘फिस्स’ असा आवाज होतो आणि औषध शरीरात जाते. कथा तेविसाव्या शतकातली. पण गंमत अशी, की असे उपकरण तेव्हा प्रत्यक्षात होतेच! मार्शल लॉकहार्ट या अमेरिकन संशोधकाने १९३६ सालीच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ‘हायपोस्प्रे’ या नावाचे यंत्रही १९४०नंतरच्या दशकात निघाले होते.

द्रवाची धार कातडीतून आरपार जाऊ शकते, याचा अनुभव कारखान्यांतून आलेला होता. डिझेल इंजिनात तेल अतिशय मोठ्या दाबाने बारीक छिद्रातून फवारले जाते. अशा धारेसमोर चुकून हात आला, तर तेल कातडी भेदून आत शिरते. अशा अपघाताची हकीकत १९३७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. जी धार तेल आत घालते, तीच औषधही घालू शकेल, हे या उपकरणामागचे तत्त्व.

आता थोडे गणित करू. कातडी भेदण्यासाठी धारेचा वेग सेकंदाला सुमारे १०० ते २०० मीटर लागतो. आपण १५० मीटर धरू. द्रवाला हा वेग द्यायला किती दाब हवा? बर्नुलीच्या नियमावरून,

दाब = ½ × घनता × (वेग)²

औषधाची घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १००० किलोग्रॅम धरली, तर उत्तर येते सुमारे १ कोटी १२ लाख पास्कल. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या ११० पट झाला!

एवढा दाब हातात मावणाऱ्या उपकरणात कसा आणायचा? समजा, आतल्या दट्ट्याचा व्यास ५ मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस सेंटिमीटर होते. दाबाला क्षेत्रफळाने गुणले, की बल मिळते. ते सुमारे २२० न्यूटन, म्हणजे २२-२३ किलोग्रॅमच्या पोत्याच्या वजनाएवढे भरते. एक कडक स्प्रिंग हे काम सहज करील.

औषध बाहेर पडण्याचे छिद्र मात्र ०.१५ मिलिमीटर व्यासाचे असते. दट्ट्याचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे ११०० पट आहे. म्हणून दट्ट्या सेकंदाला साडेतेरा सेंटिमीटर या वेगाने सरकला, तरी धार सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटते. अर्धा मिलिलिटर औषध सेकंदाच्या पाचव्या भागात आत जाते. मात्र ते अगदी न दुखता जाते असे समजू नका. हात हलला, तर धार कातडी चिरूही शकते.

हे उपकरण फार मोठ्या कामाला लागले ते देवीच्या रोगाविरुद्ध. पायाने दाब भरायचे ‘पेड-ओ-जेट’ हे यंत्र १९६०नंतर आले. त्याला वीज लागत नसे, आणि तासाला सुमारे हजार माणसांना लस देता येई. ब्राझील आणि पश्चिम आफ्रिकेतील मोहिमांत त्याचा चांगला उपयोग झाला. पण त्याला हरवले कोणी? एका साध्या सुईने! बेंजामिन रुबिन यांनी १९६५च्या सुमारास दोन टोकांची, चिमुकल्या काट्यासारखी सुई तयार केली. तिच्या टोकांमध्ये लसीचा थेंब अडकतो, त्यामुळे लस पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याएवढीच पुरते. ती वापरायला थोड्या वेळात शिकता येते, आणि तिच्यात बिघडण्याजोगे काहीच नाही. घरोघर फिरून रोगी शोधायचे, तर जड यंत्रापेक्षा ही सुईच बरी. भारतातही ती वापरली गेली. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

यंत्र तरीही इतरत्र वापरात होते. एकच तोटी एकामागून एक अनेकांच्या दंडाला टेकवली जाई. सुई नाही, म्हणजे रक्ताचा संबंध नाही, असा सगळ्यांचा समज होता. तो समज चुकीचा ठरला. १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात, अशा यंत्राने इंजेक्शन घेतलेल्या अनेकांना ‘हिपॅटायटिस बी’ ही यकृताची गंभीर कावीळ झाली.

असे का व्हावे? धार कातडीवर आदळते तेव्हा सगळेच औषध आत जात नाही. थोडे मागे उसळते, आणि त्याबरोबर रक्ताचे अतिसूक्ष्म कणही येतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण तोटीला लागतात आणि पुढच्या माणसाच्या शरीरात जातात. म्हणजे धोका केवळ सुईत नव्हता, तो एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोचण्यात होता. सुई काढली, पण ही वाट उघडीच राहिली! अमेरिकेच्या सैन्याने १९९७ साली अशा यंत्रांचा वापर थांबवला.

उपाय मात्र साधा निघाला. औषधाची नळी आणि तोटी प्रत्येक माणसासाठी नवी घ्यायची आणि वापरून झाली की टाकून द्यायची. नव्या उपकरणांची रचना अशीच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतात ‘झायकोव्ह-डी’ या कोरोनाच्या लसीला तातडीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. माणसांसाठी मान्यता मिळालेली ती जगातील पहिली डीएनए लस. ती सुईवाचून, धारेनेच त्वचेच्या थरात द्यायची होती.

आपल्या मुंबईतही या विषयावर काम चालू आहे. पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी दाबाखालच्या नायट्रोजन वायूने आघाततरंग निर्माण करून औषधाची धार सोडणारी सिरिंज बनवली आहे. तिचे छिद्र मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढे आहे. तिचे उंदरांवर केलेले प्रयोग २०२४ साली जाहीर झाले.

मित्रहो, एक इशारा लक्षात ठेवा. ट्रॅक्टरची किंवा दाबयंत्राची नळी गळत असेल, तर गळती बोटाने चाचपू नका. जखम टाचणीएवढी दिसली, तरी आत तेल पसरलेले असते. लगेच डॉक्टरांकडे जा आणि काय झाले ते स्पष्ट सांगा.

आणि एक प्रश्न वहीत सोडवा: धारेचा वेग दुप्पट करायचा, तर दाब किती पट लागेल? उत्तर मिळाले, की आणखी एक विचार करा. एखादे उपकरण ‘सुरक्षित’ आहे असे कोणी सांगितले, तर आपण कोणता प्रश्न विचारावा? त्यातून काय काढून टाकले, एवढेच विचारू नका. शिल्लक काय राहिले, तेही विचारा.