शास्त्र कीं तर्क? नीलकंठशास्त्री गोरे यांची साक्ष

ख्रिस्ती नीतीचा आधार स्वयंसिद्ध तर्क मानावा कीं बायबलाचें वचन, हा वाद युरोपांत जुना आहे. परंतु तो एकदां संस्कृतांतहि झाला, व त्यांतील एक पक्ष काशीस राहणाऱ्या एका चित्पावन शास्त्र्यानें मांडला.

कंपनीचे अधिकारी जॉन म्यूर यांनीं सन १८३९ त 'मतपरीक्षा' हा गुरुशिष्यसंवाद कलकत्त्यास छापविला. प्रत्येक मत आपलें शास्त्र ईश्वरोक्त म्हणवितें. तेव्हां खरें कोणतें हें बुद्धीनें ठरवावें, असें त्यांचें म्हणणें. प्रवर्तकाचे चमत्कार, शास्त्राचें पावित्र्य व त्याची सार्वत्रिकता, हीं लक्षणें त्यांनीं सांगितलीं.

नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनीं सन १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून यास उत्तर दिलें. हा ग्रंथ शतकभर हस्तलिखितांतच राहिला, स. ल. कात्रे यांनीं तो सन १९५१ त उज्जयिनीहून प्रसिद्ध केला. बुद्धीनें शास्त्रामागें चालावें, हा त्यांतील सिद्धांत. तथापि त्याच ग्रंथांत, निरपराध जीवांस दुःख कां, आणि मर्यादित पापास अनंत नरक न्याय्य कसा, असे प्रश्न ख्रिस्ती मतास केले आहेत. हे प्रश्न वेदवचनावर उभे नाहींत. न्यायाची जाणीव प्रतिपक्ष्यासहि आहे, हें गृहीत धरल्यावांचून ते विचारतांच येत नाहींत.

सन १८४८ त गोऱ्यांनीं जौनपुरास बाप्तिस्मा घेतला. पुढें 'षड्दर्शनदर्पण' (१८६०) या हिंदी ग्रंथांत त्यांनीं दर्शनांचें खंडन तर्कानें केलें. ब्राह्मसमाजीयांस मात्र त्यांनीं उलट बजाविलें कीं, जीं तत्त्वें तुम्ही स्वयंसिद्ध समजतां तीं ख्रिस्ती शास्त्राच्या परिचयानेंच तुम्हांस लाभलीं. पंडिता रमाबाईंनीं हा युक्तिवाद आपणांस पटल्याचें सन १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनांत नमूद केलें आहे.

नैयायिकांच्या मतें तर्क स्वतः प्रमाण नव्हे, प्रमाणाचा अनुग्राहक होय. ख्रिस्ती नीतीसहि हाच निर्णय लागू करावा, असें आम्हांस वाटतें. शास्त्र नीति शिकवील. परंतु अनेक शास्त्रांतून एकाचा स्वीकार करावयाचा तर न्यायबुद्धि आधीं जागी हवी. ती बुद्धि शास्त्रानेंच घडविली असें मानिलें, तरी शास्त्राची परीक्षा करण्याचा तिचा अधिकार नाहींसा होत नाहीं. दिवा शेजारच्या ज्योतीवर लावून आणिला, म्हणून त्याच्या उजेडांत शेजाऱ्याच्या घरचा केर दिसावयाचा राहत नाहीं. तरुण गोऱ्यांनीं अनंत नरकाविषयीं जो प्रश्न केला, तो याच उजेडांत केला. आणि धर्मांतरानें प्रश्नकर्ता बदलला, तरी प्रश्न बदलला नाहीं.