पंडितेने गिरवलेली नवी मुळाक्षरे

स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, असा प्रश्न शिष्यांनी येशूला विचारल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येते. येशू एका बालकाला बोलावून त्यांच्यामध्ये उभे करतो आणि बालकासारखे झाल्याशिवाय त्या राज्यात प्रवेशच नाही, असे बजावतो. याचा अर्थ आपण बहुधा निरागसपणा असा लावतो. पण मुले हट्ट करतात, भांडतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. त्या काळच्या समाजात मुलाला ना मान होता ना अधिकार, हे लक्षात घेतले की येशूचे मागणे उलगडते. मोठेपणावरचा हक्क सोडून पुन्हा शिकायला बसा, असे तो सांगतो आहे. ऐरोलीत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कार्यालयांत गळ्यातल्या ओळखपत्रावरचा हुद्दा आधी वाचला जातो. तिथे हे मागणे किती जड आहे ते वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात ते ज्यांनी पेलले त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव मी पहिले घेईन. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली त्यांनी सांभाळल्या. प्रचलित मराठी बायबल सामान्य बायकांना कळत नाही, हे पाहून त्यांनी नवे भाषांतर हाती घेतले आणि त्यासाठी उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृत जिच्या जिभेवर, ती पंडिता परक्या लिपीची मुळाक्षरे गिरवायला बसली, आणि तेही निरक्षर बाईला कळावे म्हणून! कामाची शेवटची मुद्रिते तपासून 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला; ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून 1924 मध्ये बाहेर आला.

अशी नम्रता म्हणजे मुकाट आज्ञापालन नव्हे का, अशी शंका रास्त आहे. रमाबाईंचा पत्रव्यवहार तिला उत्तर देतो. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी उघड वाद घातला. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये मुलग्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले, तेव्हा त्या संतापल्या. पुरोहितांचे एक जोखड टाकल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले. त्या नमल्या त्या देवापुढे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नम्रता नेहमी गरिबांना आणि बायकांनाच शिकवली जाते. तसे घडते हे खरे आहे, आणि ते चुकीचे आहे. येशूने बालक उभे केले ते मोठेपणासाठी चढाओढ करणाऱ्या शिष्यांसमोर. म्हणून ऐरोलीतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना विनंती आहे, की या अध्यायावर प्रवचन ठेवाल तेव्हा ते आधी पाळकांना आणि समितीच्या सभासदांना ऐकवा, मागच्या बाकावरच्या बाईला नंतर.