बापूंच्या षटकात दोन धावा? विसरा!

32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. क्रिकेटच्या इतिहासातलं हे अचाट पृथक्करण ज्यांच्या नावावर आहे, ते रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी आपल्या नाशिकचे. जन्म 4 एप्रिल 1933. सगळं क्रिकेटविश्व त्यांना बापू म्हणून ओळखायचं.

जानेवारी 1964, मद्रास कसोटी. भारताने 457 वर डाव घोषित केलेला. इंग्लंडच्या गोटात पोटाच्या तक्रारींनी काही जण बेजार, म्हणून ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन यांनी खेळपट्टीवर नांगर टाकला. त्यांच्यासमोर आले बापू, डावखुरी फिरकी घेऊन. सलग 21 षटकं निर्धाव! सलग 131 चेंडूंवर धावच नाही.

आता तो आकडा जरा जवळून बघा. 32 पैकी 27 षटकं निर्धाव म्हणजे उरली पाच, आणि धावा गेल्या पाचच. म्हणजे त्या पाचही षटकांत एकेकच धाव. अख्ख्या डावात बापूंच्या एकाही षटकात फलंदाजांना दुसरी धाव मिळाली नाही. एका टप्प्यात तर त्यांनी 19 षटकं टाकली आणि दिली फक्त एक धाव.

अमेरिकेत बेसबॉलचा पिचर समोर आलेल्या 27 च्या 27 जणांना पहिल्या बेसवरही पोचू न देता बाद करतो, तेव्हा त्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. बापूंची निर्धाव षटकंही 27. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडणारा!

ही अचूकता आली कुठून? बापूंच्या सरावाची गोष्ट क्रिकेटवर्तुळात प्रसिद्ध आहे. नेटमध्ये खेळपट्टीवर नेमक्या टप्प्याच्या जागी एक नाणं ठेवायचं आणि चेंडू त्यावर पाडत राहायचं. चुकला की पुन्हा. बसला तरी पुन्हा. कंटाळा आला म्हणून जागा बदलायची नाही. 41 कसोटींत 88 बळी आणि षटकामागे जेमतेम 1.67 धावा, ही त्या घोटून घेतलेल्या टप्प्याची कमाई.

‘धावा रोखायचे, पण बळी कुठे घ्यायचे?’ असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांना सांगा: त्याच 1964 च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासमध्ये, समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या डावात 31 धावांत 5, दुसऱ्या डावात 91 धावांत 6. एकाच सामन्यात 11 बळी! भारत ती कसोटी हरला, म्हणून ही कामगिरी मागे पडली. माझ्या मते 21 निर्धाव षटकांपेक्षा ती कांकणभर सरस आहे.

पदार्पणाची कथाही ऐकण्यासारखी. 1955, दिल्ली, न्यूझीलंडविरुद्ध. विनू मंकड यांना विश्रांती दिली म्हणून बापूंना संधी मिळाली. त्यांनी नाबाद 68 काढल्या. मंकड परतले आणि बापू बाहेर!

हो, फलंदाजी राहिलीच. प्रथम श्रेणीत 500 बळी घेणाऱ्या या माणसाने तिथेच 8880 धावाही केल्या, त्याही चाळिशीच्या सरासरीने. सर्वोच्च नाबाद 283. इंग्लंडविरुद्धच्या त्याच 1964 च्या मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली. बापूंनी पहिल्या डावात नाबाद 52 केल्या होत्या. दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद 122 केल्या आणि सामना वाचवला. इंग्लंडला ते दोन्ही डावांत बाद झालेच नाहीत.

रणजीत आधी महाराष्ट्र, मग मुंबई. ते मुंबईकडून खेळले त्या प्रत्येक हंगामात करंडक मुंबईकडेच राहिला. 1968 मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली, तेव्हा वेलिंग्टनला 43 धावांत 6 बळी बापूंचेच. त्या दौऱ्यानंतर त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला.

पुढची इनिंग मार्गदर्शकाची. राष्ट्रीय निवड समिती, मुंबई क्रिकेट असोसिएशनचं संयुक्त सचिवपद आणि भारतीय संघाचं सहायक व्यवस्थापकपद. त्या काळी दौऱ्यावर फलंदाजीचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा आणखी वेगळा असे प्रशिक्षक नसत. बापूंसारखा जाणता माणूस सोबत असणं, हाच खेळाडूंचा आधार. हातमोजे आणि पॅड आजच्या मानाने तकलादू होते, त्या स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांत बापू अंगावर चेंडू झेलत उभे राहिले होते. त्यांचा परवलीचा शब्द होता ‘छोडो मत’. सुनील गावसकरांनी तो आवर्जून सांगितला आहे.

1980-81 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर बापू सहायक व्यवस्थापक होते. मेलबर्नला पायचीतच्या निर्णयावर संतापून गावसकर चेतन चौहानना घेऊन मैदानाबाहेर निघाले, तो हाच दौरा. व्यवस्थापक शाहिद दुराणींनी चौहानना सीमारेषेवरून परत पाठवलं. त्याच कसोटीत ऑस्ट्रेलियासमोर 143 चं लक्ष्य होतं. दुखावलेल्या कपिलदेवने 28 धावांत 5 बळी घेतले, ऑस्ट्रेलिया 83 वर गारद, भारत 59 धावांनी विजयी! पुढे न्यूझीलंडमध्ये संघाला ऐन वेळी डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता. कानपूरला रणजी सामना खेळणाऱ्या 18 वर्षांच्या पोराला विमानात बसवलं गेलं. वेलिंग्टनच्या पहिल्याच कसोटीत त्याने 6 बळी टिपले. नाव रवी शास्त्री.

बापू 17 जानेवारी 2020 रोजी मुंबईत गेले. नाशिकची फिरकी मात्र थांबलेली नाही. महाराष्ट्राकडून खेळणारा सत्यजित बच्छाव नाशिकचाच, आणि तोही बापूंसारखा डावखुरा. सिन्नरची माया सोनवणे लेगस्पिन टाकते. 2022 च्या महिला टी-20 चॅलेंजमध्ये ती व्हेलॉसिटीकडून उतरली, तेव्हा चेंडू सोडताना तिची जमिनीकडे झुकलेली मान पाहून लोकांना थेट दक्षिण आफ्रिकेचा पॉल अ‍ॅडम्स आठवला.