पद्मिनी, तिची तिकोनी काच आणि खानदेशातला मे महिना

आज प्रीमियर पद्मिनीबद्दल थोडं. 🚗

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 पासून इथे ‘फियाट 1100 डिलाइट’ बनू लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव झालं पद्मिनी. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला ‘फियाट’च म्हटलं!

डिझाइन नीट बघा. मागच्या बाजूला शेपटीसारखे उचललेले पंख ही 1950 च्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांची हौस, पण इथे बेताची. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं आरामात. इंजिन 1089 सीसी, ताकद मागच्या चाकांना.

आणि ती तिकोनी काच! एसी नसलेल्या काळात ती तिरकी फिरवली की वारा थेट तोंडावर. जळगाव-धुळ्याचा पारा 44 वर गेला की तिची खरी किंमत कळायची. अशा उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं, जरा दम खायचा, की स्वारी पुन्हा मुंबई-आग्रा रोडवर.

कुणाकडे 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी असेल तर भंगारात देऊ नका. 2021 च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शनात आणि रॅलीत ऐटीत मिरवा!