सही का जुळेना?

कापूरहोळचे आपले एक वयस्क सभासद उसाच्या बिलाचे पैसे काढायला गेले, तर सही जुळेना. अक्षर मुंगीएवढे झालेले. दोनदा हात हलवत परत आले. "वय झालं, दुसरं काय!" म्हणून घरच्यांनी विषय मिटविला. त्याआधीच त्यांनी लग्नकार्याला जाणे सोडले होते. हातात चहाची बशी थरथरते. लोक म्हणायचे, म्हातारा पिऊन आला!

पुढे डॉक्टरांनी निदान केले, पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. १८१७ साली लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन लिहिले. मेंदूतले डोपामिन कमी पडते आणि हालचाली मंदावतात. अक्षर बारीक होणे हेही त्याचेच लक्षण. हा आजार संसर्गाचा नाही.

गोळ्या सुरू झाल्या, पण गडी घुम्यासारखा बसून. तेव्हा नातवाने मोबाईलवर पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ शोधून दिले. मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांनी उभे केलेले हे मंडळ रुग्ण व त्यांचे नातलगच चालवितात. सभा होतात, आणि ज्याला पुण्याला जाणे जमत नाही त्याला व्हॉट्सॲपवर घरबसल्या मराठीत बोलता येते.

तिथे कळते ते दवाखान्याच्या पाच मिनिटांत कुठून कळणार? उंबऱ्यात पाय खिळले तर "एक, दोन" मोजत पाऊल उचलावे. कप अर्धाच भरून घ्यावा. लेव्होडोपाची गोळी दूध-डाळीच्या जेवणाबरोबर नीट लागू पडत नाही, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. गोळी मनाने बंद करू नये.

मोबाईलवर भलतेही येते, हे आम्ही स्पष्ट सांगतो. कुणी खाजकुइलीची पूड विकतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, पण म्हणूनच गोळ्या चालू असताना वर पूड घेतली तर मात्रा वाढते.

आणखी एक, आपल्या शेताचे. पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांत हा आजार जास्त आढळल्याचे काही परदेशी अभ्यास सांगतात. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे मात्र उघड्या हाताने फवारणारे आम्ही रोज पाहतो.

आजोबांनी सहीचा नवा नमुना दिला, बिल मिळाले. यंदा मोळीपूजनाला आले होते. अर्धा कप चहा हातात घेऊन शेजारच्याला सांगत होते, "हात हलतोय रं, मी नाय प्यालेलो."